सत्कार झाला, वर्ग राहिला

तुम्ही दोघं नातवंडं शिकायला कॅनडात गेलात आणि इथे कुवेतमध्ये, जाब्रियातल्या आपल्या फ्लॅटमध्ये दुपार फार लांबायला लागली. तुमचा बाबा पहाटेच अहमदीला कामावर निघतो, आई हॉस्पिटलमध्ये. मी घर आवरते, पुसलेलंच पुन्हा पुसते, चारला चहा करते आणि थर्मास घेऊन शेजारची बेल वाजवते.

तिथे तुम्ही गेल्यानंतर एक आजोबा राहायला आलेत. नव्वदीला टेकलेले, पूर्व आफ्रिकेतल्या एका लहान देशाचे. त्यांची मुलगी तुमच्या आईच्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आजोबा मूळचे खेड्यातले मास्तर. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना शिक्षणमंत्री केलं. पुढे राष्ट्राध्यक्षांशी भर सभेत वाद घातला म्हणून तुरुंगात गेले. सुटल्यावर शेजारच्या देशात पुन्हा मास्तर झाले. मंत्रिपदाचं विचारलं की हात झटकतात. "गाडी मोठी होती, मॅडम. पण आत मुलं नव्हती."

वर्गाबद्दल मात्र भरभरून बोलतात. नव्या मुलांना ते पहिल्या दिवशी अंगणात बसवून काठीने मातीत घर ते शाळा अशी वाट काढायला लावत. मग नदी कोणाला ओलांडावी लागते, पाणी भरायला कोण थांबतं, ते आपोआप कळे. मंत्री झाल्यावर नव्या शाळांच्या जागाही त्यांनी अशाच ठरवल्या.

"एकदा तरी पुन्हा वर्ग घ्यायचाय," ते म्हणत. आपल्या इमारतीत मुलं आहेत, पण ती लिफ्टमधून बसमध्ये जातात आणि बसमधून लिफ्टमध्ये.

म्हणून मी आपल्या मराठी मंडळाला सुचवलं, बालमेळाव्यात त्यांना वर्ग घेऊ द्या. माजी मंत्री म्हटल्यावर सेक्रेटरी हरखलाच. आजोबांनी कोट इस्त्रीला दिला, रंगीत खडू आणि जमिनीवर पसरायला काळा कागद आणवला.

मेळाव्यात आधी त्यांचा लांबलचक परिचय झाला. मग शाल, नारळ, पुष्पगुच्छ. शाल पुन्हा एकदा पांघरली, कारण पहिल्या फोटोत आपल्या मंडळाच्या अध्यक्षांचे डोळे मिटले होते. लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. आजोबा कागदाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, "मुलं कधी बसणार?"

मी सेक्रेटरीला गाठलं. "अहो, त्यांचा वर्ग राहिला ना!"

"काकू, सत्कार झाला की! एवढा मोठा माणूस, त्याला खाली जमिनीवर बसवायचं का? आणि पुऱ्या गार होतायत."

मुलं केव्हाच प्लेट घेऊन रांगेत उभी होती.

परतताना गाडीत आजोबा म्हणाले, "तुमच्यात निरोप असा देतात का?"

"निरोप नाही, सर. हा मान असतो."

"असं होय. आमच्या गावात मान द्यायचा असला की काम सांगतात."

त्यानंतर ते मला भेटेनात. त्यांना सांभाळणारी बाई हळूच सांगे, "झोपलेत." आतून रेडिओ ऐकू येई. मी चहा परत आणून एकटीच प्यायची. तोही अर्धाच.

शेवटी एका दुपारी मी थर्मासबरोबर कागद आणि पेन्सिल नेली आणि बाईला बाजूला सारून आत गेले.

"सर, वर्गाला आलेय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उशीर झाला. बसा."

मी वाट काढली. घर, लिफ्ट, रस्ता, कोपऱ्यावरची जमिया, म्हणजे आपलं सहकारी दुकान. तिथेच संपली.

"एवढीच?"

"मी आणखी कुठे जात नाही, सर."

"बरं. वाटेत कोण कोण भेटतं?"

रखवालदाराला मी मान डोलावते, पण त्याचं गाव कोणतं ते कधी विचारलं नाही. जमियात सगळे मोबाइलमध्ये. मी हसून म्हटलं, "चहा घेऊ या का आधी?"

"वर्ग चालू आहे," ते म्हणाले. ताठ बसले होते. आवाज खणखणीत होता. "घाई नाही. आठवा."

तेवढ्यात त्यांची मुलगी ड्यूटीवरून आली. पर्समधून गोळ्या काढत "बाबा, औषध—" म्हणाली. त्यांनी तिच्याकडे न बघता नुसता हात वर केला. ती जागीच थांबली, मग दाराशी चपलांजवळच्या स्टुलावर पांढऱ्या कोटासकट गुपचूप बसली. मी पेन्सिल उचलली.