आकाशी स्वेटर कसा धुवावा

सॅनेटोरियममध्ये भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात आईनं घरातल्या कपड्यांना चिठ्ठ्या शिवल्या. जुन्या धोतराच्या बोटभर पट्ट्या फाडायच्या, त्यांवर न जाणाऱ्या शाईनं लिहायचं आणि कपड्याच्या आतल्या अंगाला चार टाके घालायचे. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, कचेरीच्या कोटात लिहिलं होतं: 'पाण्यात घालू नको. ब्रश मार, उलटा करून वाळव.' पूजेच्या रेशमी मुकट्यावर: 'अंटवाळाचं पाणी. पिळू नको. सावली.' अंटवाळ म्हणजे रिठे. बेंगळुरात आमच्या इतक्या पिढ्या गेल्या की असे कितीतरी शब्द आमच्या मराठीत कन्नडच राहिले. माझ्या लाल परकरावर होतं: 'रंग जातो. एकटा धू.'

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुकानातल्या कपड्यांना कसल्या आल्यात सूचना! धोबी तुडवेल तसा कपडा, आणि घरची बाई सांगेल तसा धोबी. पण आता घरची बाईच जाणार होती आणि धोब्याला निरोप पाठवून बंद केलं होतं. क्षयाचं घर म्हटल्यावर त्यालाही बरंच वाटलं असणार.

मी तेरा वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावर असायचा. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? तोंडानं सांग की!" असं मी तिच्यावर खेकसले. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "तोंडानं सांगायला दम पुरत नाही गं." पुढं ती म्हणाली, "तू हुशार आहेस. पण घाईची आहेस."

ती भरती झाली आणि घरात एक नवा नियम आला. सॅनेटोरियममधून जे येईल ते आधी उकळत्या पाण्यात. डॉक्टरांनी अण्णांना बजावलं होतं, घरात तीन वर्षांचं मूल आहे, सांभाळा. ते मूल म्हणजे माझा धाकटा भाऊ. मागीलदारी चुलीवर हंडा चढायचा, आईची लुगडी, टॉवेल, उशीचे अभ्रे त्यात पडायचे आणि मी लाकडानं ढवळत बसायची. डोळ्यांत धूर जायचा, म्हणून रडलेलं कुणाला कळत नसे. तेवढी एक सोय होती.

लहान मुलांना सॅनेटोरियममध्ये सोडत नसत. मला सोडायचे; मी आईच्या खाटेपाशी जाऊन बसायची. दर रविवारी अण्णा भावाला कंपाउंडाबाहेर चिंचेखाली उभा करायचे आणि आई व्हरांड्यातून त्याला बघायची. मधे तीस-चाळीस पावलांचं अंतर. तो तिला ओळखायचा की नाही देव जाणे. "आईला टाटा कर" म्हटलं की करायचा.

थंडी सुरू झाली तशी आईनं लोकर मागवली. अण्णांनी चिक्कपेटेच्या बाजारातून आकाशी रंगाची आणून दिली. दिवसाला फक्त तासभर विणायची परवानगी होती तिला. सव्वा महिना लागला. नर्सबाईंनी पुडकं माझ्या हातात दिलं. आत तो स्वेटर, आणि मानेशी आतून पट्टी: 'गार पाणी. अंटवाळ. चोळू नको. आडवा वाळव.' व्हरांड्यात तिनं मला सांगितलं, "पुढच्या रविवारी घालून आण हं त्याला."

घरी आल्यावर मी पुडकं सोडलं आणि पट्टी वाचली. वाचली, हे मला आजही नाकारता येत नाही. मी अण्णांकडं बघितलं. ते हंड्याकडं बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, लोकर आहे." त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "तुझी आई आहे तशी त्याची पण आहे, सरी. पण घरात एवढं लहान पोर एकच आहे." सरी म्हणजे बरोबर, कबूल. असं म्हणून ते आत निघून गेले आणि दार लोटून घेतलं. स्वेटर माझ्याच हातात राहिला. मी तो उकळत्या पाण्यात सोडला.

बाहेर काढला तेव्हा तो विणलेला वाटेचना. घट्ट, जाड, घोंगडीच्या तुकड्यासारखा झाला होता. ओला असतानाच ताणला, बाह्यांना वरवंटा बांधून लोंबत ठेवला, चार दिवस रोज ओढला. मेला बोटभर वाढेल तर शपथ!

अण्णा म्हणाले, नको घालू, विसरलो म्हणून सांगू. पण ती सव्वा महिना त्या एका रविवारसाठी विणत बसली होती. मला वाटलं, एवढ्या लांबून तिला काय दिसणार? रंग दिसला की झालं. मी भावाला त्यात कोंबला. तो "अक्का, टोचतंय" म्हणून ओरडत होता. बाह्या कोपरापर्यंत, पोट उघडं.

आई कठड्याला धरून उभी राहिली. आधी हसली. मग हात तोंडावर गेला. मी तिच्याकडं वर गेले तेव्हा ती म्हणाली, "केवढा वाढला गं! आणि मला पत्ताच नाही. चार महिन्यांत मी माझ्या लेकराचं अंग विसरले."

तिथंच खरं सांगायला हवं होतं. पण खरं काय सांगू? तुझा हात लागलेलं आम्ही सगळं उकळतो, हे? मी मान हलवली आणि म्हटलं, "हो ना, खूप वाढलाय."

तिनं उरलेल्या लोकरीचा एक लांब धागा तोडून दिला. "छातीचं माप घे आणि गाठ मारून आण. दुसरा करते."

घरी मी धागा त्याच्या छातीभोवती गुंडाळला. गाठ जिथं यायला हवी होती तिथं बोट ठेवलं, आणि चार बोटं पुढं सरकवून गाठ मारली. तिचं विसरणं खरं ठरावं म्हणून. इतकी अक्कल मी पाजळली.

पुढच्या रविवारी मी स्टूल ओढून तिच्या खाटेला लागून बसले. तिनं धागा घेतला, पांघरुणावर सरळ केला आणि त्यावर वीत टाकली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. बोटं नुसती हाडं राहिली होती, पण तीन वर्षं रोज त्याला न्हाऊ घातलेले हात होते ते.

"अडीच वितींचा होता," ती म्हणाली. "चार महिन्यांत कुठलं पोर एवढं वाढतं?"

मी वाकून तिच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"उकळलास ना गं तो?"

मला रडू फुटलं. मी हो म्हटलं.

"सगळंच उकळता?"

"तुझ्याकडून आलेलं सगळं."

"माझी पत्रं?"

"ती उन्हात टाकतात अण्णा. दिवसभर."

ती माझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. चिडायला हवी होती. पण तिनं तो धागा बोटाभोवती गुंडाळला आणि उशीखाली सारला. मी तो परत न्यावा असं तिला वाटत नव्हतं, हे दिसत होतं. फाल्गुनात ती गेली. दुसरा स्वेटर तिनं विणायला घेतलाच नाही.

"बरं करता," ती त्या दिवशी म्हणाली. "असंच करत जा." मग तिनं मान माझ्याकडं वळवली, माझ्या स्टुलाकडं बघितलं. चार महिने मी तिथंच बसत होते, गुडघे खाटेला टेकवून, आणि तिनं कधी काही म्हटलं नव्हतं.

"स्वल्प मागे सरक," ती म्हणाली.

मी स्टूल थोडं मागे घेतलं.

"अजून," ती म्हणाली.