न मागितलेला सांबार

आमच्या अड्याळच्या बाजारात भाजी घेतली की वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिशवीत पडतो. नको म्हटलेलं वाईट दिसतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तिथं उभी हयात भाजी विकली आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले. एका बोटानं का होईना, लोकांचे अर्ज टाइप करायला शिकले. गावात पुन्हा रुबाबानं बोलू लागले.

एका दुपारी मी जेवायला घरी गेले आणि प्रिंटरच्या प्रोग्रामचं अपडेट आलं. सोबत भलतेच दोन-तीन प्रोग्राम, त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या. मामाजींना वाटलं, हा वरचा सांबार. देणाऱ्याचा मान ठेवून ते 'पुढे', 'पुढे' दाबत गेले. मी परतले तेव्हा स्क्रीनभर जाहिराती नाचत होत्या आणि मामाजी खुर्ची सोडून दाराशी उभे होते.

"मले नाई जमत हे. तुयी मशीन बिगडवली मी."

त्यानंतर ते दुकानात येईनात.

माझं डोकंच फिरलं. मामाजींवर नाही, त्या अपडेटवाल्यांवर. प्रिंटरचा आणि जाहिरातींनी भरलेल्या ब्राउझरचा संबंध काय? एवढाच, की तो जितक्या संगणकांत घुसेल तितके पैसे त्याची कंपनी यांना देते. अपडेट नाकारायला माणूस घाबरतो, म्हणून त्याच्याआडून हे सामान घरात घुसवायचं. आणि वर तोंड करून सांगायचं, तुम्हीच होकार दिला! नाही दिला. हे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

एका संध्याकाळी मामाजींसमोर जाऊन बसले. "सांबाराखाली लपवून कोनाच्या पिशवीत सडके वांगे टाकले काय जी तुमी कधी?"

"कायले टाकीन?" ते भडकलेच.

"मंग त्याईनं टाकले, तं चूक तुमची कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी माझ्याआधी दुकानात हजर.

पुढचं अपडेट आलं ते नेमकं गर्दीच्या वेळी. मामाजींनी चष्मा चढवला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. गिऱ्हाईक कुरकुरलं, "काका, लवकर करा ना."

"थांब ना बाबू," मामाजी म्हणाले, "हा न विचारता पिशवीत टाकून राहिला. पयले याचं काढून फेकू दे."