आप्पांच्या हातातलं स्टेशन

आमचं रेडिओ स्टेशन आता बंद आहे. मस्कतला कामावर जाताना अजूनही कधीतरी मी ते मोबाईलवर लावून बघतो. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहतं.

निपाणीत साऊंड भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या माडीवर ते चालायचं. डीजेवर बंदी आली, स्पीकरच्या पेट्या धूळ खात पडल्या, तेव्हा दुकानवाल्या अण्णांनी इंटरनेटवर स्टेशन काढलं. दिवसभर फक्त नाचायची गाणी. नियम एकच, एक मराठी झालं की एक कन्नड. नववीतून शाळा सोडलेल्या मला त्यांनी माईकपुढं बसवलं. "घाबरत बोल, पण बोल," म्हणाले. ते उपकार मी विसरलेलो नाही.

वडिलांना, आप्पांना, हे पटत नव्हतं. "वर्गात तोंड उघडलं न्हाईस, आता जगाला काय सांगणार हाईस?"

त्यात सदलग्याला आमच्या आक्काची हळद आली. नवऱ्याकडची माणसं कन्नड बोलणारी. आक्का हट्टाला पेटली, हळदीला माझ्या भावाचंच स्टेशन वाजणार. आप्पा मला एवढंच म्हणाले, "पाव्हण्यांत हसं झालं तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल, ध्यानात ठेव."

त्या दुपारी मी निपाणीत माईकपुढं, हळद तिकडं मांडवात. पहिलं गाणं लावलं आणि आक्काचाच फोन आला.

"आरं, काय लावलायस? आवाज मोठा यावा म्हणून समद्यांनी आपापलं मोबाईल लावल्यात. कुणाचं पुढं, कुणाचं मागं. टाळी कुठं मारायची? सासूबाई हात वर करून नुस्त्या हुभ्या हाईत."

मागं हसण्याचा आवाज येत होता. इंटरनेटवर प्रत्येक फोनला गाणं थोडं मागंपुढं पोचतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण अख्खा मांडव एकदम फोन लावेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अण्णांनी गाणं थांबवलं आणि माईक माझ्याकडं सरकवला.

"सदलग्याच्या मांडवातल्या मंडळींनी आपापले फोन बंद करावेत. फक्त नवरीच्या वडिलांचा चालू राहू दे. देवळातला भजनाचा स्पीकर आणा, तो त्याला जोडा." हेच परत कन्नडमधून सांगितलं.

आक्काचा फोन चालूच होता. त्यातून माझाच आवाज ऐकू आला, एका मोबाईलमधून, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. मग एकेक करत सगळे गप्प झाले. थोड्या वेळानं एकच स्पीकर वाजला. मी मुद्दाम कन्नड गाणं लावलं.

"नाचाय लागल्या रं सासूबाई," आक्का म्हणाली आणि फोन तसाच टाकून पळाली.

आप्पांच्या फोनला मांडवात रेंज कमी. फोन खाली ठेवला की गाणं तुटायचं, म्हणून आप्पा खुर्चीवर उभे राहून तो डोक्यावर धरून होते. हळद संपेपर्यंत. कुणी धरायला मागितला तरी दिला नाही. "पोराचं स्टेशन हाय माझ्या," प्रत्येकाला सांगत होते म्हणे.

पुढं ज्याची त्याची आवडती गाणी ज्याच्या त्याच्या फोनवर आली आणि आम्हाला ऐकणारं कुणी उरलं नाही. अण्णांनी माडीला कुलूप लावलं, मी इकडं आलो.

परवा भाच्यानं आप्पांचा फोन साफ करायला घेतला. "आजोबा, हे रेडिओचं ॲप बंद पडलंय, काढू?"

आप्पांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. तुझ्या मामाचं हाय ते."