नातीचा कायदा

माझी नात सांगलीत जन्मावी असं कुणाच्याच बेतात नव्हतं. सून सातव्या महिन्यात टोरोंटोहून मामेबहिणीच्या लग्नाला आली होती. तिकडच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं आणि परतीचं तिकीटही काढलेलं होतं. हळदीच्या दिवशी दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मामांनी मांडवाच्या दारातनंच गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. आम्ही दोघं साताऱ्याहून पोचेपर्यंत नात काचेच्या पेटीत निजलेली होती. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. माझ्या बायकोनं काचेला बोट टेकवलं आणि म्हणाली, "एवढी कसली गं घाई झाली तुला?"

महिनाभर आम्ही मामांच्या घरी राहिलो. पोरगी पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली, तेव्हा सून तिला घेऊन आमच्याकडे साताऱ्याला आली. वजन नीट भरेपर्यंत विमानाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून आला, लेकीला मांडीवर घेऊन बसला आणि परत गेला.

गेल्यावर त्यानं बाळाच्या तिकडच्या कागदपत्रांची चौकशी सुरू केली. तो स्वतः अजून तिकडचा नागरिक झालेला नव्हता, पण आई कॅनडाची नागरिक, म्हणजे लेक नागरिक, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. एका सकाळी त्याचा फोन आला. सून फोन ठेवून खुर्चीत बसून राहिली.

"बाबा, हिला नागरिकत्व मिळत नाही," ती म्हणाली.

मी नोकरीच्या चाळीस वर्षांतली बहुतेक वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली. कायद्याची पुस्तकं मला परकी नाहीत. तरी मला ते दोनदा समजावून घ्यावं लागलं. सुनेचे वडील तिच्या जन्माआधीच तिकडचे नागरिक झाले होते. पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिची आई सांगलीला आली, आणि सून मिरजेत जन्मली. तीन महिन्यांची असताना ती कॅनडाला गेली ती तिकडचीच झाली. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं तिकडंच. पण कायदा असं म्हणत होता की देशाबाहेर जन्मलेल्या नागरिकाचं मूलही बाहेरच जन्मलं, तर नागरिकत्व तिथंच थांबतं. आई मिरजेत आणि लेक सांगलीत. दोन्ही गावांमधलं अंतर रिक्षानं अर्ध्या तासाचं, आणि त्यात माझी नात अडकली होती.

वकिलानं मुलाला धीर दिला. हा कायदा बदलायचं विधेयक संसदेत आलेलंच आहे, थोडं थांबा, म्हणाला. बाळाला नुसत्या व्हिसावर न्यायचा अर्ज नाकारला गेला होता, आणि सुनेची बाळंतपणाची रजा लांबलचक होती. म्हणून आम्ही थांबलो.

तेव्हापासून आमच्या घरात कॅनडाची संसद सुरू झाली. तिकडचं कामकाज आपल्याकडे रात्री चालतं, पण मोबाईलवर ते मागाहून बघता येतं. सकाळी बायको पाटावर बसून नातीला तेल लावायची, सून दुधाच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवायची, आणि ते लोक काय म्हणतात ते आम्हाला मराठीत सांगायची. तिची मराठी सांगलीची, आईकडून आलेली. मध्येच ते वक्ते इंग्रजी सोडून फ्रेंचमध्ये शिरायचे, की ती थांबायची आणि म्हणायची, "आता हे काय बोलतंय ते मलापण न्हाई कळत."

पहिल्या आठवड्यात मला मजा वाटली. समोरासमोर बाकं, मध्ये सभापती, एक उठला की त्याच्या बाजूचे टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की विषय पुढं सरकतच नाही. सरकारनं कुठलेसे कागद पूर्ण दाखवले नाहीत, एवढ्यावर विरोधक रोज उठून बोलत होते, आणि तो वाद मिटल्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही असं चाललं होतं. सरकारकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. ज्या लहान पक्षाच्या टेकूवर ते उभं होतं, त्याच्या नेत्यानं आधार काढल्याचं जाहीर केलं होतं. पण सरकार पाडायचं मतदान आलं की तोच पुन्हा त्यांना वाचवायचा.

बायकोनं सगळ्यांना नावं ठेवली होती. एक सारखा समोरच्यावर बोट रोखायचा, तो बोटवाला. एक काहीही विचारलं तरी गालात हसायचा, तो हसरा. आणि आधार काढूनही आधार देणारा, तो घरजावई.

"आज तरी आपला विषय घेतला का गं?" ती रोज विचारायची.

"न्हाई, आई. आज पण कागदंच."

"मग कागद देऊन का टाकत न्हाई तो हसरा? आणि बोटवाल्याला म्हणावं, तुला खुर्ची पायजे तर घे बाबा, पण आधी आमचं बाळ मोकळं कर."

सून हसायची, पण हळूहळू ते हसणं कमी झालं. एका सकाळी तिनं मोबाईल पालथा टाकला. "मी ह्यांना मत दिलंय, बाबा," ती म्हणाली. कुणाला ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "सगळ्यांना माहीत आहे हे विधेयक चांगलं आहे का वाईट. विरोध करायचा तर करा, पाडा. पण मतदान तरी घ्या! आम्ही कुणाच्याच डोळ्यासमोर नाही आहोत."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. "सभेचं असंच असतं पोरी. आपल्याकडंही..." आणि मी तिथंच थांबलो. 'आपल्याकडंही' म्हणताना मला माण तालुक्यातली एक बाई आठवली. तिला मी वीस वर्षांत आठवलं नव्हतं.

सुनेनं खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं. त्या गावी मी ग्रामसेवक असताना सरपंच आणि त्यांचे विरोधक यांच्यात एका सदस्याचा फरक होता, आणि तो सदस्य आज इकडं, उद्या तिकडं. घरकुलाची यादी ग्रामसभेत मंजूर व्हायची होती. कुणाची नावं आधी यावीत यावरून सभा सुरू झाली की दहा मिनिटांत आरडाओरडा व्हायचा, एक गट उठून जायचा, आणि मी वहीत लिहायचो, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब'. यादीत त्या बाईचं नाव होतं. नवरा मुंबईला हमाली करायचा. ती चार शेरडं घेऊन पत्र्याच्या खोपटात राहायची. दर सभेला ती कडेवर पोर घेऊन यायची, खांबाला टेकून उभी राहायची, आणि सगळे गेले की माझ्याजवळ येऊन विचारायची, "भाऊसाब, आमचं कवा व्हायचं?" मी म्हणायचो, "सभाच झाली नाही, बाई. मी काय करणार?"

"मग खरंच तुम्ही काय करू शकला असता?" सुनेनं विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळत होती, पण नात माझ्याकडं टक लावून बघत होती. मी म्हणालो, "करू शकलो असतो. तहकूब ग्रामसभा पुन्हा घेतली, की तिला गणपूर्ती लागत नाही. जे येतील तेवढ्यांत ठराव करता येतो. मला नियम माहीत होता. पण सरपंचांना तो सांगितला असता तर एक गट दुखावला असता, न सांगितला तर कुणीच दुखावणार नव्हतं. माझ्या बदलीचं घाटत होतं. मी गप्प बसलो."

सुनेनं नातीला माझ्या मांडीवर दिलं. मग म्हणाली, "पुढं काय झालं त्या बाईचं?"

"माझी बदली झाली. मला माहीत नाही."

"बघून या ना, बाबा."

मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न होताच. दरम्यान तिकडं मोठीच उलथापालथ झाली. सरकारातल्या मोठ्या मंत्र्यानं राजीनामा दिला, पंतप्रधानांवर त्यांच्याच पक्षातले उलटले, आणि शेवटी त्यांनी आपण पायउतार होतो असं सांगून अधिवेशनच संपवून टाकलं. सुनेनं ते ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तहकूब?" मी विचारलं.

"नाही बाबा. संपलं. अर्धी राहिलेली सगळी विधेयकं रद्द. आता नवीन आणायचं."

तहकूब सभेतले विषय निदान पुढच्या सभेत येतात. इथं तेही नव्हतं. सुनेनं नातीला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायको पाटावर तशीच बसून राहिली. तेलाची वाटी तिच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी मी माण तालुक्याला जाणारी दहिवडीची एसटी पकडली.

दहिवडीहून पुढं त्या बाईच्या गावात पोचलो, तर रस्ता आता सिमेंटचा झाला होता. बाईचं घर विचारलं तर एका माणसानं मलाच उलट विचारलं, "मेंबरबाईंचं?" ती पंचायतीची सदस्य झाली होती. दोन खोल्यांचं पक्कं घर, दारात मोटारसायकल. ती शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"आवं, भाऊसाब न्हवं का? पार पिकलासा की वो!"

तिनं चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. ज्याला कडेवर घेऊन ती उभी राहायची तो पोरगा फौजेत गेला होता. मी चहा अर्धा पिऊन खाली ठेवला आणि ज्यासाठी आलो होतो ते सांगून टाकलं. नियम होता, मला माहीत होता, मी सांगितला नाही.

तिचा हात पदराशी थांबला. "घर म्होरच्या सालाला झालं," ती म्हणाली. "पर त्या पावसात पत्रा उडाला. पोरगं तापानं फणफणलं हुतं. त्याला घेऊन देवळात ऱ्हायलो आमी, सा दिस." तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "तवा का न्हाई बोललासा?"

"भ्यालो," मी म्हणालो.

"आमाला वाटायचं, तुमच्या हातात कायबी न्हाई. लय कीव यायची तुमची. खाली मान घालून लिवीत बसायचा." तिनं माझा कप बाजूला सारला. मग उठून आतून एक वही आणली. "आता हितं लिवा त्यो नियम. आमच्या सभंतबी ह्योच तमाशा चालतोय. मी मेंबर झाल्यापास्नं बगतीया, खुर्चीपायी समदी आंधळी हुत्यात. मीबी झाले हुते की एकदा."

मी नियम लिहून दिला. कलमाचा नंबर आठवेना, तर दहिवडीत जुन्या सहकाऱ्याला फोन लावून विचारला. निघताना तिनं शेंगांची पिशवी हातात दिली. ती मी नको म्हणू शकलो नाही.

त्यानंतर मी ती संसद वेगळ्या नजरेनं बघू लागलो, असं म्हणायला हरकत नाही. राग होताच. नात रांगायला लागली, उंबरा ओलांडायला लागली, 'आजा' म्हणायला लागली, आणि तिच्या बापानं हे सगळं पडद्यावर बघितलं. त्याचा राग कसा जाईल? पण निवडणूक झाल्यावर जुन्या नेत्यांतले काही पडले, आणि हरलेल्याचं भाषण करताना त्यातल्या एकाचा आवाज फाटला. बायको म्हणाली, "आगं, घरजावई रडतोय की." त्या दिवशी तिनं त्याला बोल लावला नाही. मलाही तो माणूस आमच्या त्या पंचायतीतल्या, आज इकडं उद्या तिकडं करणाऱ्या, मनात सतत डोकी मोजत बसलेल्या सदस्यासारखा वाटला. कुठंही गेला तरी कुणीतरी शिव्या देणारच. माणूस वाईट असतो असं नाही. तो भितो, आणि त्याच्या भीतीचं भाडं खांबाला टेकून उभा राहिलेला कुणीतरी भरतो.

नव्या संसदेत विधेयक पुन्हा आलं. ते पुन्हा समितीत गेलं, पुन्हा त्यात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. तोवर सुनेची रजा संपली. लेकीला आमच्याकडं ठेवून तिला जावं लागलं. निघायच्या दिवशी तिनं नातीला झोपलेली असतानाच पाळण्यात ठेवलं, कारण जागी असती तर तिच्यानं जाववलं नसतं. उठल्यावर पोरगी दोन दिवस प्रत्येक खोलीचं दार ढकलून बघत होती. मला पहिल्यांदाच सगळ्या पक्षांचा, सगळ्या देशांच्या सभांचा संताप आला, आणि त्या संतापात मीही होतो.

जवळजवळ चार महिन्यांनी एका सकाळी सुनेचा फोन आला. ती नुसती "झालं, बाबा, झालं" एवढंच म्हणत होती. विधेयक मंजूर झालं होतं. अमलात यायला अजून काही आठवडे लागले, मग कागद आले. मुलगा आणि सून दोघंही न्यायला आले.

सुनेला बघून नात आधी बायकोच्या पदराआड लपली. सून जमिनीवरच बसली, हात पुढं केले नाहीत, नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं पोरगी स्वतःहून गेली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. माझ्या मुलानं तोंड फिरवलं.

आठ दिवसांनी ते गेले. गाडी वळणापर्यंत दिसली. घरात आल्यावर बायकोनं पाट धुऊन भिंतीला उभा केला आणि मला म्हणाली, "लावा बघू तुमची ती सभा. आज काय चाललंय त्यांचं?"

मी लावली. सून नसल्यामुळं आम्हाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. तरी आम्ही चहा होईपर्यंत बघत बसलो.