धुतलेलं बी

नंबरकाकांना खरं नाव होतं, पण ते कपड्यांच्या ढिगाऱ्यात कधीचं हरवलं होतं. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याला कापडी चिठ्ठी टाचायची, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं नंबर घालायचा आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन आलेला कपडा नंबर बघून ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात लावायचा, एवढंच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. या एकतीस वर्षांत कुणाचा सदरा कुणाच्या घरी गेला नाही. ही गोष्ट ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत, आणि तुम्ही विसरला असाल या काळजीपोटी पुढच्या भेटीतही सांगत. काकू म्हणायच्या, "यांना कुणीतरी एक बिल्ला द्या हो, म्हणजे गप्प तरी बसतील."

काकूंचा तोरा वेगळ्या गोष्टीत होता. गच्चीवर, लाँड्रीतून आणलेल्या साबणाच्या रिकाम्या डब्यांत त्या मिरची लावत. बी दरवर्षी घरचंच. पिकली की वाळवायची, भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि वर्षाचं तिखट काचेच्या बरणीत भरून ठेवायचं. बी मात्र कुणाला द्यायच्या नाहीत. शेजारणीनं दोनदा मागितलं, दोन्ही वेळा काकूंना नेमकं तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं. पेरताना निम्मं बी मागे ठेवायचं, हा त्यांचा नेम. दुसरा नेम असा, की रोपावर पहिली कळी दिसली की ती नखानं खुडून टाकायची.

"बिचारी आत्ता तर आली," नंबरकाका एकदा कळवळून म्हणाले होते. "कशाला मारतेस?"

"तिची मिरची घेतली तर झाड तिथंच दमतं. खुडली की फुटवे येतात," काकू म्हणाल्या. "पुढचे तीन महिने थांबायची तयारी असेल त्यानंच कळी खुडावी. तुमचं काम नाही ते."

नंबरकाकांचा हक्क मातीची पोती चार मजले वर चढवण्यापुरता होता. डब्यांना हात लावायची त्यांना बंदी होती.

मग काकूंना घशाचं दुखणं झालं. उपचार लांबले, दुखणं हटलं, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेलं. सूप, अंडं, कुस्करलेला बटाटा, सगळं सारखंच. "ओला पुठ्ठा चावतेय असं वाटतं," काकू म्हणत आणि चमचा खाली ठेवत. महिन्याभरात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी नंबरकाकांना बाहेर बोलावून सांगितलं, "वजन आणखी उतरलं तर नळीनं भरवावं लागेल. आणि त्यांच्या अंगात आता नळी सोसायची ताकद नाही. काहीही करा, पण त्यांना खायला लावा."

खायला लावणारी एकच वस्तू घरात होती. बटाट्यावर घरचं तिखट चिमूटभर भुरभुरलं की काकूंना घशात मागे कुठंतरी ऊब कळायची. चव नव्हती ती, नुसती ऊब. पण तेवढ्यावर पाच-सहा चमचे जात. बाजारातलं तिखट आणून पाहिलं, तर ते सोललेल्या ओठांनाच डसलं. काकू रडल्या आणि दोन दिवस त्यांनी तोंडच उघडलं नाही. घरच्या मिरचीचा जाळ ओठांना सोडून सावकाश आत उतरायचा. आणि बरणीत ते तिखट दोन बोटं उरलं होतं.

थंडी सरता सरता काकूंनी कपाटातली बियांची बाटली काढून दिली. "या वर्षी तुम्हीच पेरा. निम्मंच हं."

नंबरकाकांनी बरणीकडे पाहिलं, काकूंच्या मनगटाकडे पाहिलं आणि मनात ठरवलं की सगळं पेरायचं. जितकी रोपं जास्त तितकं तिखट जास्त, हा हिशेब भल्याभल्यांनी मांडला असता. दुसरी चूक मात्र खास त्यांचीच. बी त्यांना मळकं दिसलं. पिवळट, वर फोलपटं चिकटलेली. एकतीस वर्षं ज्या माणसानं मळकी वस्तू पुढे जाऊ दिली नाही, तो बायकोचं बी तसंच मातीत कसं घालणार? त्यांनी ते स्वच्छ रुमालात बांधलं, लाँड्रीतल्या चादरी उकळायच्या टाकीत दोनदा बुचकळलं आणि पुरचुंडी वाळवणखोलीत टांगली. त्या खोलीत ओली चादर अर्ध्या तासात पापडासारखी होते. पुरचुंडीला नंबरही टाचला. बी बाहेर आलं ते पांढरं फटक. नंबरकाका इतके खूश झाले, की त्यांनी बॉयलरवाल्याला बोलावून दाखवलं.

"यातून आता काय उगवणार?" बॉयलरवाला म्हणाला. "टॉवेल?"

नंबरकाकाही हसले. मग गच्चीवर जाऊन त्यांनी सगळं बी पेरलं आणि रिकामी बाटली धुऊन ठेवली.

आठ दिवस गेले, दहा गेले. काकू रोज विचारत, "आलं का?" बाराव्या दिवशी तो प्रश्न इतक्या बारीक आवाजात आला, की नंबरकाकांच्या तोंडून निघून गेलं, "आलं."

काकू उठून बसल्या. "किती?"

"बरीच आहेत. दोन दोन पानं."

त्या दिवशी काकूंनी वाटीभर सूप संपवलं. वर म्हणाल्या, "आता खायला पाहिजे बाई. पीक यायचं आणि खाणारीच नसायची, असं नको व्हायला."

नंबरकाका तसेच जिना चढून वर गेले. गच्चीवर बसून त्यांनी एका डब्यातली माती बोटानं उकरली. बी सापडलं. चिमटीत धरलं तर त्याचा चिखल झाला. दुसरा डबा उकरला, तिसरा उकरला. तेव्हा कुठं त्यांना बॉयलरवाल्याचा टॉवेल आठवला आणि सगळा प्रकार एकदम ध्यानात आला. बी मेलं नव्हतं, आपण शिजवलं होतं. मागे ठेवलेलं निम्मं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हतं. काकूंचं म्हणून जे होतं ते त्यांनी स्वच्छ धुऊन संपवलं होतं. म्हातारा माणूस गच्चीवर मातीचे हात तोंडावर घेऊन ढसाढसा रडला.

पण खाली रोज सूप संपत होतं. मग खरं बोलायची छाती कुणाची? नंबरकाका रोज वर जात, रिकाम्या डब्यांना उगाच पाणी घालत आणि खाली येऊन बातमी देत. चार पानं झाली. आज ऊन कडक होतं, आडोसा केला. एका रोपाला मावा लागला होता, पुसून काढला. काकू डोळे मिटून ऐकत आणि चमचा तोंडात घेत. बरणीतलं तिखट मात्र नखाएवढं राहिलं.

नऊ आठवडे झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "आता कळी धरली असेल. एक डबा खाली आणा. पहिली कळी मी खुडणार."

नंबरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक रोपवाटिकेत गेले, कळी धरलेलं मिरचीचं एक रोप निवडलं, गच्चीवर साबणाच्या डब्यात लावलं. सवयीनं हात खिशात गेला आणि त्यांनी डब्याला चिठ्ठीसुद्धा बांधली. घरच्या कपड्यांना ते घालत तोच नंबर.

डबा त्यांनी पलंगाजवळ ठेवला. काकूंनी आनंदानं हात पुढे केला. बोट खोडावरून वर गेलं, एका पेरावर थांबलं, दुसऱ्या पेरावर थांबलं.

"माझ्या मिरचीला प्रत्येक पेरावर जांभळी कडी असते," काकू म्हणाल्या.

नंबरकाकांनी इतकी वर्षं पोती वाहिली, पण ती जांभळी कडी कधी पाहिली नव्हती. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. टाकी, वाळवणखोली, टॉवेल, दोन दोन पानं, मावा. काकूंनी मध्ये एकदाच विचारलं, "निम्मं?"

"नाही गं ठेवलं."

काकूंनी डब्यावरची चिठ्ठी बोटांत धरून नंबर वाचला. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं कुणाचा सदरा कुणाकडे गेला नाही म्हणून मिरवलात ना? आणि दुसऱ्याचं रोप माझा नंबर लावून माझ्याच घरी आणलंत?"

त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी सूप तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही. नंबरकाकांनी पाया पडून पाहिलं, चिडून पाहिलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पोटावर का काढतेस?" काकू भिंतीशीच बोलल्या, "राग नाही हो. आता कशासाठी गिळायचं, तेच कळत नाही." डॉक्टरीणबाईंनी चौथ्या दिवशीची वेळ दिली. नळी तयार ठेवते, म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी नंबरकाकांनी दवाखान्यात जायला काकूंची पिशवी भरली. जाता जाता तो डबा आधी दृष्टीआड करावा म्हणून उचलला.

"कुठं नेताय?" मागून आवाज आला.

"टाकून देतो. नको डोळ्यांसमोर."

"पाणी कधी घातलं होतं त्याला?"

नंबरकाकांनी खाली पाहिलं. पानं लोंबत होती, माती डब्याच्या कडेपासून सुटली होती. तीन दिवसांत त्या रोपाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" काकूंनी मान वळवली. आवाज बसका होता, पण झणझणीत होता. "तुमच्या चुकीपायी त्याला कशाला तहानलेलं ठेवता? आणा इकडे. आणि पेल्यात पाणी आणा. टाकीतलं उकळतं नको."

नंबरकाकांनी डबा पलंगावर ठेवला, पाणी आणलं. काकूंनी पेला दोन्ही हातांनी धरून सावकाश, कडेकडेनं पाणी घातलं. माती फुसफुसली. मग त्यांनी पानं बाजूला केली आणि नख कळीच्या देठाला लावलं.

"अगं, एकच तर आहे," नंबरकाका बोलून गेले.

टक् करून कळी तुटली. काकूंनी ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बरणी आणा," त्या म्हणाल्या. "आणि बटाटा मऊ कुस्करा. गुठळ्या राहतात तुमच्या."