मधोमध काळं

कारखान्यात तिला सगळे 'घार' म्हणत, तेही तोंडावर. खड्यातला केसाएवढा दोष ती हेरायची, आणि कुणी हिरा बिघडवला तर त्याची बिनपाण्याने हजामत करायची. सासऱ्यांनी तिला हिरे घासायच्या चाकावर बसवलं तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता आपले खडे गुपचूप तिच्याकडून तपासून घेत. शेजारच्या चाकावर बसणारा धाकटा दीर तर म्हणे, "वहिनीच्या नजरेतून देवही सुटायचा नाही."

आज मात्र घार घाबरली होती.

समोर एक टपोरा हिरा होता. वरचे पैलू झाले होते, खालचे चालू होते. हिऱ्याची सगळी मिजास या खालच्या उतारावर. उतार नेमका बसला, की वरून शिरलेला उजेड आतल्या आत आपटून पुन्हा वरच येतो, आणि हिरा झगझगतो. उतार जास्त खोल राहिला, तर मधोमध काळं दिसतं. घासून घासून उथळ केला, तर उजेड तळातून गळून जातो आणि हिऱ्याची काच होते. घासलेलं काही परत चिकटवता येत नाही.

तिने भिंग लावलं. मधोमध काळा ठिपका. थोडं घासलं, पाहिलं. ठिपका तिथेच. आणखी घासलं. ठिपका ढिम्म हलेना. मग तिने माप लावलं, तर उतार अगदी बरोबर!

एरवी तिने मापालाच शिव्या घातल्या असत्या. पण आज तिच्या मनात आलं, काळं हिऱ्यात नसेलच तर?

भिंगाला कायम उजवा डोळा, डावा मिटलेला. सगळा जन्म तसाच गेलेला. आता डावा लावून बघायचं, एवढंच तर होतं. तेवढंच तिच्याने होईना. देवा, हिराच बिघडलेला निघू दे, असं ती मनात म्हणाली आणि स्वतःलाच दचकली. हात पुन्हा चाकाकडे गेला. तो तिने कसाबसा आवरला.

"भाऊजी, जरा बघा हो. मधे काळं आहे ना?"

दिराने हिरा फिरवून फिरवून पाहिला. "कुठं काय? नुसती आग आहे आग!"

"नीट बघा ना. असेल."

"नाही हो! आता याला हात लावाल तर वाट लावाल."

"परीक्षा घेत होते तुमची," ती म्हणाली.

दीर खो खो हसला. तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान दिसले, शर्टाची कॉलर दिसली. मधे चेहरा नव्हता.