नळकांड्यावरचा हार

आमच्या जळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आग विझवायची लाल नळकांडी तपासायला नाना दर दिवाळीआधी धुळ्याहून यायचे. दसऱ्याच्या पूजेत आम्ही यंत्रांबरोबर नळकांड्यांनाही कुंकू लावून हार घालायचो. ते कुंकू नेमकं तोंडाच्या भोकात जाऊन बसायचं. नाना हार उतरवायचे, टोपीत खोचलेल्या टाचणीने भोक मोकळं करायचे, आतलं सोड्याचं पाणी बदलायचे आणि वाळका हार पुन्हा चढवायचे. रागवायचे मात्र कधीच नाहीत. याचंच मला नवल वाटायचं.

एकदा मी विचारलं, "नाना, हा वाळका हार परत कशाला?"

"हार शे म्हनीसन याना पुढे कोनी माल रचत नही, भाऊ."

हार आहे म्हणून समोरची जागा मोकळी राहते, तर. मी पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथला हार मीच झाडताना काढून टाकला होता. भिंतीशी छतापर्यंत कापसाच्या गाठी होत्या. नळकांडं दिसत नव्हतं.